श्वानाची साक्ष

कुत्र्यांविषयीच्या नवलाच्या गोष्टी रविवारच्या पुरवण्यांपासून मुलांच्या ज्ञानकोशांपर्यंत सर्वत्र छापल्या जातात आणि त्या सांगणाऱ्याकडे पुरावा सहसा कोणी मागत नाही. कुत्र्याचे नाक माणसाच्या नाकापेक्षा लाखपट तीक्ष्ण असते, त्याला जग काळेपांढरे दिसते, त्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात वर्षे, चूक झाली की तो ओशाळतो, ही सारी विधाने सारख्याच आत्मविश्वासाने केली जातात. मग त्यांतले एखादे निम्मेच खरे असो वा एखादे धादांत खोटे असो. पुढील संवादात अशा काही विधानांची छाननी जुन्या शास्त्रचर्चेच्या रीतीने केली आहे, म्हणजे एकाने आपला पक्ष मांडायचा, दुसऱ्याने त्यावर आक्षेप घ्यायचे आणि आक्षेपांतून जे तगेल तेवढेच पुढे न्यायचे. संवादातील दोन्ही पात्रे कल्पित आहेत: एक पशुवैद्यक महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवून निवृत्त झालेले डॉक्टर, तर दुसरे फौजदारी न्यायालयांत उलटतपासणी घेण्यात हयात घालवलेले वकील. त्यांनी उल्लेखिलेले प्रयोग, निवाडे आणि आकडे मात्र कल्पित नाहीत. डॉक्टरांचे म्हणणे असे की कुत्रा हा प्राणीच मुळात नवलाचा आहे. वकिलांचे म्हणणे असे की त्या नवलाचा बराचसा भाग पाहणाऱ्या माणसाच्या मनात असतो आणि कुत्रा केवळ निमित्ताला धनी होतो.

डॉक्टर : वकीलसाहेब, आरंभ नाकापासून व्हावा हे उचित, कारण कुत्र्याच्या थोबाडाचा बहुतेक भाग नाकाच्याच कामी आलेला आहे. हुंगताना कुत्रा सेकंदाला सुमारे पाच वेळा हवा आत ओढतो आणि बाहेर टाकतो, पण दोन्ही वेळी हवेची वाट एक नसते. आत जाणारी हवा नाकपुडीच्या समोरच्या गोल भागातून जाते, तर बाहेर पडणारी हवा नाकपुडीच्या कडेला असलेल्या चिरेतून मागे आणि बाजूला फेकली जाते, त्यामुळे उच्छ्वासाने समोरचा वास विस्कटत नाही. आत गेलेल्या हवेचेही दोन भाग पडतात. मोठा भाग फुप्फुसांकडे जातो आणि साधारण आठवा हिस्सा नाकाच्या मागच्या कप्प्यात शिरतो, जिथे गुंडाळीसारखी वळलेली पातळ हाडे असतात आणि त्या हाडांवरच्या ओलसर अस्तरात गंधग्राही पेशी, म्हणजे वासाचे रेणू टिपून मेंदूकडे संदेश धाडणाऱ्या चेतापेशी, वीस ते तीस कोटींच्या संख्येने बसलेल्या असतात. माणसात त्या पन्नास-साठ लाखांच्या आसपास भरतात.

वकील : पेशींची संख्या ही क्षमतेचा पुरावा मानता येत नाही, डॉक्टर, ती फार तर परिस्थितीजन्य बाब ठरेल. लाखपट हा आकडा कोणत्या पदार्थाच्या वासाबाबत, किती कुत्र्यांवर आणि कोणत्या परीक्षेत मिळाला, हे विचारले की सांगणारा गप्प होतो. उलट, माणसाचे नाक दुबळे असते ही समजूतच एकोणिसाव्या शतकातली असून तिचे जनकत्व पॉल ब्रोका या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाकडे जाते, असे जॉन मॅकगॅन यांनी २०१७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले. माणसाचा घ्राणकंद, म्हणजे नाकाकडून आलेले संदेश मेंदूत प्रथम जिथे पोहोचतात तो भाग, मेंदूच्या मानाने लहान दिसतो म्हणून ब्रोकाने माणसाला घ्राणदुर्बल ठरवले. परंतु त्यातील चेतापेशींची संख्या इतर अनेक सस्तन प्राण्यांच्या तोडीची आहे, आणि काही मोजक्या पदार्थांच्या बाबतीत तर माणसाचे नाक कुत्र्याच्या नाकापेक्षा सरस ठरल्याच्या नोंदी आहेत.

डॉक्टर : लाखपट हा शब्द मागे घेण्यास हरकत नाही. पण १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातील झंजीर या लॅब्राडोर कुत्र्याने तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स शोधून दिले, ते कोणत्या खात्यात मांडायचे? २००० साली तो गेला तेव्हा त्याला सरकारी इतमामात निरोप दिला गेला, आणि तो इतमाम कोणाच्या भाबड्या कौतुकापोटी नव्हता.

वकील : झंजीरच्या बाबतीत वाद नाही, आणि तो का नाही हे नीट पाहिले पाहिजे. कुत्र्याने जागा दाखवली, पोलिसांनी ती उघडली आणि आत स्फोटके निघाली. इथे पुरावा स्फोटकांचा आहे, कुत्र्याने केवळ पत्ता सांगितला. पण कुत्रा जेव्हा ओळीत उभ्या केलेल्या माणसांपैकी एकापाशी जाऊन भुंकतो, तेव्हा उघडून पाहण्यासारखे काही उरत नाही. महाराष्ट्रातून गेलेल्या एका अपिलात १९६९ साली सर्वोच्च न्यायालयासमोर हाच प्रश्न आला होता. अशा पुराव्याविरुद्ध सामान्यतः घेतले जाणारे आक्षेप न्यायालयाने तिथे नोंदवले: कुत्रा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊ शकत नाही, त्याची उलटतपासणी होत नाही, त्याच्या वतीने त्याचा हस्तक बोलतो म्हणून ती सांगोवांगीची साक्ष ठरते, आणि माणसाचे प्राण व स्वातंत्र्य एका जनावराच्या अनुमानावर टांगता येत नाही. मागमूस काढण्यासाठी कुत्रा वापरावा, पण दोषसिद्धीचा भार त्याच्यावर टाकू नये, असेच न्यायालयांचे धोरण पुढेही राहिले.

हस्तक म्हणजे कुत्र्याला शिकवणारा आणि कामगिरीवर नेणारा शिपाई, आणि वादाचा पुढचा सारा भाग या हस्तकाभोवती फिरतो. वकिलांनी या ठिकाणी जो प्रयोग पुढे केला, तो श्वानपथकांच्या इतिहासात फारसा लोकप्रिय नाही, पण नवलाच्या दृष्टीने त्याच्या जवळपास पोहोचणारे प्रयोग थोडे आहेत.

वकील : कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात अमली पदार्थ किंवा स्फोटके शोधणारे प्रशिक्षित अठरा कुत्रे आणि त्यांचे हस्तक यांना एका चर्चच्या इमारतीतील खोल्या तपासायला सांगितले होते. लाल कागद चिकटवलेला दिसला तर तिथे वासाचा नमुना ठेवलेला आहे, असे हस्तकांना सांगितले गेले. प्रत्यक्षात संपूर्ण इमारतीत नमुना कुठेच नव्हता. एकूण १४४ फेऱ्या झाल्या आणि त्यांपैकी फक्त २१ फेऱ्यांत कुत्र्याने काही सापडल्याची खूण केली नाही. उरलेल्या फेऱ्यांत मिळून २२५ वेळा ‘सापडले’ असे कळवले गेले. काही ठिकाणी कुत्र्यांना भुलवण्यासाठी सॉसेज आणि टेनिसचे चेंडू दडवले होते, पण त्यांच्यापेक्षा लाल कागद असलेल्या जागीच खुणा जास्त झाल्या. आणि तो कागद वाचता येत होता फक्त माणसांना.

डॉक्टर : त्या प्रयोगात एक फट आहे. कुत्र्याने खरोखर बसून किंवा भुंकून खूण केली, की हस्तकाला तशी खूण झाल्याचे वाटले, हे वेगळे नोंदवलेले नव्हते. नोंद झाली ती हस्तकाने कळवलेल्या निष्कर्षाची. पण ती फट बाजूला ठेवली आणि कुत्र्यांनीच खुणा केल्या असे धरले, तरी त्यातून जे निघते ते आपल्या पक्षाला फारसे सोयीचे नाही, वकीलसाहेब. ज्या प्राण्याला सॉसेजचा वास येतो आणि तरीही जो आपल्या माणसाची मान किंचित वळली, पाऊल थबकले, दोरी सैल झाली एवढ्यावरून तिथे काहीतरी आहे असे ताडतो, त्याला नाकाच्या परीक्षेत नापास म्हणता येईल, पण माणूस ओळखण्याच्या परीक्षेत त्याच्याइतके गुण दुसऱ्या कोणत्या प्राण्याला मिळतील?

वकील : न्यायालयाला नाकाचा निकाल हवा असतो.

डॉक्टर : आणि शास्त्राला दोन्ही निकाल हवे असतात. दोन भांडी उपडी ठेवून एकाखाली खाऊ दडवला आणि माणसाने बोटाने ते भांडे दाखवले, तर कुत्रा बोटाचा रोख धरून नेमका तिथे जातो, असे २००२ साली ब्रायन हेअर आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसले. माणसाचा सर्वांत जवळचा नातलग असलेल्या चिंपांझीला याच परीक्षेत कुत्र्याइतके यश मिळाले नाही, माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांनाही नाही, आणि माणसांशी फारसा संबंध न आलेली कुत्र्याची लहान पिल्ले मात्र उत्तीर्ण झाली. बोट म्हणजे खाऊ नव्हे, बोटाला खाऊचा वासही नव्हे. तरी बोट कशाकडे तरी रोखलेले असते, हे कुत्र्याला उमगते.

येथे वादाचा रोख पालटतो हे लक्षात घेतले पाहिजे, कारण वकिलांनी माणसाचा हस्तक्षेप हा पुराव्यातला दोष म्हणून दाखवला होता आणि डॉक्टर तोच हस्तक्षेप प्राण्याचा गुण म्हणून पुढे करतात. दोघांचे विधान एकाच प्रयोगावर उभे राहू शकते, आणि कुत्र्याविषयीची बहुतेक माहिती अशीच दुहेरी असते: मोजमाप कुत्र्याचे होते, पण माप माणसाच्या हातात असते आणि कुत्र्याची नजर त्या हातावर असते.

वकील : मग ओशाळलेल्या चेहऱ्याचे काय? घरात चप्पल फाडलेली सापडली की मालक म्हणतो, पाहा, कान पाडून कसा कोपऱ्यात बसला आहे, गुन्हा कबूल आहे. न्यूयॉर्कमधील अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली चौदा कुत्र्यांवर याची परीक्षा घेतली. मालकाने खाऊला तोंड लावू नको असे बजावून खोलीबाहेर जायचे, आणि परत आल्यावर कुत्र्याने आज्ञा पाळली की मोडली हे त्याला सांगितले जायचे. ते सांगणे कधी खरे असे, कधी मुद्दाम खोटे. ओशाळवाणा चेहरा दिसला तो खाऊ खाल्लेल्या कुत्र्यांच्या नव्हे, तर बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांच्या तोंडावर, आणि ज्यांनी काहीच केलेले नसताना बोलणी खाल्ली त्यांच्या तोंडावर तर जरा अधिकच. पोलीस ठाण्यातल्या कबुलीजबाबांना न्यायालय किंमत का देत नाही, याचे याहून सोपे स्पष्टीकरण देता येणार नाही.

डॉक्टर : हा मुद्दा निर्विवाद मान्य. तो चेहरा पश्चात्तापाचा नसून नमते घेण्याचा आहे. परंतु चेहऱ्याचा विषय निघालाच आहे तर कातडीच्या खाली काय आहे तेही पाहिले पाहिजे. भुवईचा आतला कोपरा वर उचलणारा एक बारीक स्नायू असतो. तो आखडला की डोळे मोठे, ओले आणि केविलवाणे भासतात, माणसाच्या दुःखी चेहऱ्यात भुवया जशा वर जातात तशाच. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा कुत्रे आणि चार लांडगे यांच्या चेहऱ्यांचे विच्छेदन केले गेले, तेव्हा कुत्र्यांत हा स्नायू स्पष्ट आढळला आणि लांडग्यांत त्याच्या जागी थोडे विरळ तंतू मिळाले. बाकी चेहऱ्याची ठेवण दोघांत जवळपास सारखी. श्वानाश्रयांतील कुत्र्यांविषयीच्या आधीच्या एका अभ्यासात असेही दिसले होते की जे कुत्रे ही भुवई वारंवार उचलत, ते लवकर दत्तक घेतले जात.

वकील : म्हणजे माणसाला जो चेहरा पाहून दया आली तो कुत्रा जगला, त्याची प्रजा वाढली, आणि हजारो वर्षांत माणसाची आवड कुत्र्याच्या कपाळावर स्नायूच्या रूपाने कोरली गेली. यात कुत्र्याचे कर्तृत्व कोणते?

डॉक्टर : गुलाबाच्या रंगात गुलाबाचे कर्तृत्व जेवढे, तेवढे. पण रंग गुलाबाचाच असतो.

वकील : आणि निष्ठा? तोक्योच्या शिबुया स्थानकावर हाचिको नावाचा अकिता जातीचा कुत्रा आपल्या दिवंगत मालकाची, प्राध्यापक उएनो यांची, सुमारे दहा वर्षे वाट पाहत राहिला, अशी कथा जगभर सांगतात. पण १९३५ साली तो मेल्यावर त्याच्या पोटात भाजलेल्या कोंबडीच्या काड्या सापडल्या, हे कोणी सांगत नाही. स्थानकाबाहेरचे विक्रेते आणि प्रवासी त्याला खायला घालत होते. भुकेला प्राणी जिथे अन्न मिळते तिथे रोज जातो, याला निष्ठा म्हणण्याची घाई कशाला?

डॉक्टर : या ठिकाणी तारखा पाहाव्या लागतील, आणि तारखांचा आग्रह वकिलांनीच धरायचा असतो. उएनो यांचे निधन १९२५ च्या मे महिन्यात झाले. वृत्तपत्रात त्या कुत्र्याविषयी लेख आला तो १९३२ साली, आणि लाड सुरू झाले ते त्या लेखानंतर. त्यापूर्वी स्थानकावरची माणसे त्याला हाकलत, त्रास देत. काड्या शेवटच्या तीन वर्षांचा खुलासा करतील, आधीच्या सात वर्षांचा कसा करणार? कुत्र्याच्या मनात काय होते हे कोणालाच ठाऊक नाही, त्यामुळे निष्ठा हा शब्द वापरायचा नसेल तर वापरू नये; पण अन्नाचे कारण दाखवून प्रकरण मिटले असेही समजू नये.

वकिलांनी यावर उत्तर दिले नाही, आणि या संवादात असे प्रसंग दोनच आहेत. अन्नाचा विषय निघाल्यामुळे डॉक्टरांनी मग पिष्टमय पदार्थांचा, म्हणजे धान्यातल्या स्टार्चचा, मुद्दा मांडला, जो भाकरी टाकून कुत्रे पोसणाऱ्या कोणत्याही मराठी खेड्याला ओळखीचा वाटावा. स्टार्च पचवायला स्वादुपिंडातून अमायलेज नावाचे विकर, म्हणजे अन्नाचे मोठे रेणू फोडणारे प्रथिन, स्रवावे लागते. ते तयार करण्याची आज्ञा देणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात फक्त दोन प्रती असतात, तर कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत प्रती आढळल्या, असे स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली दाखवले. ध्रुवीय प्रदेशातल्या, शेतीशी संबंध न आलेल्या कुत्र्यांत प्रती कमी असतात आणि ऑस्ट्रेलियाच्या डिंगोत लांडग्याइतक्याच दोन. म्हणजे माणसाने पेरणी सुरू केली आणि तिचा हिशेब कुत्र्याच्या जनुकांत लिहिला गेला. नामदेवांच्या आख्यायिकेतला कुत्रा भाकरी पळवतो आणि संत तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावतात, त्या कथेत भक्तीचा जो अर्थ आहे तो आहेच. पण भाकरी पळवणारा प्राणी ती पचवूही शकत होता, ही गोष्ट लांडग्याच्या वंशात सहज घडणारी नव्हे.

दृष्टीचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. कुत्र्याला जग काळेपांढरे दिसत नाही. त्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशींचे दोन प्रकार असतात, माणसात तीन, म्हणून निळा आणि पिवळा त्याला वेगळे कळतात, पण लाल आणि हिरवा यांत त्याची गल्लत होते. हिरवळीवर फेकलेला लाल चेंडू कुत्रा डोळ्यांपेक्षा नाकाने शोधतो. वकिलांचा शेरा असा की दुकानांत कुत्र्यांची खेळणी इतकी लालभडक का असतात याचे उत्तर त्यात मिळते: पैसे देणाऱ्याला लाल रंग दिसतो. शेपटीविषयीही एकच प्रयोग नमूद करण्याजोगा आहे. २००७ साली इटलीतल्या संशोधकांना तीस कुत्र्यांत असे आढळले की मालक दिसला की शेपटीचा झोका कुत्र्याच्या उजव्या अंगाला अधिक जातो, आणि अनोळखी, दांडगा कुत्रा समोर आला की डाव्या अंगाला. मेंदूच्या दोन अर्धगोलांत भावनांची विभागणी असल्याची ती खूण मानली जाते. शेपटी हलली म्हणजे कुत्रा खूश, हे समीकरण त्यामुळे अपुरे ठरते आणि पोस्टमनच्या तक्रारींना शास्त्रीय आधार मिळतो.

खरी चकमक उडाली ती शौचाच्या दिशेवरून. विषय ऐकायला चावट वाटला तरी त्यावरचा निबंध ‘फ्रंटियर्स इन झूलॉजी’ या नियतकालिकात रीतसर छापला गेला आहे.

डॉक्टर : झेक आणि जर्मन संशोधकांनी दोन वर्षे सदतीस जातींच्या सत्तर कुत्र्यांवर नजर ठेवून १,८९३ वेळचे शौच आणि ५,५८२ वेळची लघवी यांच्या नोंदी केल्या, प्रत्येक वेळी कुत्र्याच्या कण्याची दिशा होकायंत्राने मोजली. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र शांत असताना कुत्रे शौचाला उत्तर-दक्षिण अक्षावर बसणे पसंत करतात, आणि क्षेत्रात चढउतार होत असले की ही पसंती नाहीशी होते, असा त्यांचा निष्कर्ष २०१३ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला.

वकील : आणि पुढच्या वर्षी त्याला इग नोबेल मिळाले, म्हणजे आधी हसू आणणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिला जाणारा तो विनोदी पुरस्कार. हसण्याचा भाग उत्तम जमला आहे. विचाराच्या भागाविषयी शंका आहे. त्याच निबंधात असे स्पष्ट नोंदवले आहे की सर्व नोंदी एकत्र केल्यावर कोणतीच दिशा निघाली नाही. मग नोंदींची वर्गवारी करून पाहिली, आणि चुंबकीय शांततेच्या वेळांपुरती ती काढली तेव्हा दिशा उमटली. दिवसाउजेडी अशी शांतता जेमतेम पाचव्या हिश्श्याइतका वेळ असते. आरोपी एका कलमाखाली निर्दोष सुटला म्हणून त्याच कागदपत्रांवर कलमे बदलत बदलत, एखादे लागू पडेपर्यंत खटले भरायचे, यातला हा प्रकार आहे. पुरेशी कलमे असली तर कोणीही दोषी ठरेल.

डॉक्टर : आक्षेप जोरकस आहे, पण त्याला दुसरी बाजू आहे. चुंबकीय चढउतारांची कल्पना नोंदी झाल्यानंतर सुचली, म्हणजे नोंदी करताना होकायंत्र धरणाऱ्या मालकांना ती ठाऊक नव्हती. लाल कागदाच्या प्रयोगात हस्तकाला अपेक्षा होती, म्हणून तो निकाल बिघडला. इथे अपेक्षाच नव्हती, मग मालकाने कुत्र्याला उत्तरेकडे वळवले असे म्हणायला जागा कुठे राहते? शिवाय त्याच संशोधकांच्या वर्तुळातून २०२० साली दुसरा अभ्यास आला. सत्तावीस शिकारी कुत्र्यांच्या गळ्यांत जीपीएसचे पट्टे अडकवून त्यांना जंगलात सोडले गेले. काही कुत्रे आल्या वाटेने वास घेत परतले. काहींनी नवी वाट धरली, आणि नवी वाट धरणाऱ्यांपैकी पुष्कळांनी परतण्याआधी उत्तर-दक्षिण अक्षावर सुमारे वीस मीटरची एक लहानशी धाव घेतली, मालक कोणत्याही दिशेला असो. ज्यांनी ती धाव घेतली ते अधिक सरळ मार्गाने मालकापर्यंत पोहोचले.

वकील : वीस मीटरच्या धावेवर विश्वास ठेवता येईल, कारण तिथे पट्ट्याने नोंद केली आणि पट्ट्याला मत नसते. शौचाच्या दिशेचे प्रकरण दुसऱ्या प्रयोगशाळेतून पुन्हा सिद्ध होईपर्यंत तहकूब ठेवावे.

या निवाड्याशी असहमत होणे कठीण आहे, जरी डॉक्टर तो शेवटपर्यंत अर्धाच मानतात. जातींविषयी मात्र दोघांचे चटकन जुळले. लॅब्राडोर प्रेमळ, अमुक जात तापट, तमुक जात एकनिष्ठ, अशी प्रमाणपत्रे विक्रेते सर्रास देतात, आणि महाराष्ट्राच्या व उत्तर कर्नाटकाच्या सीमाभागातील कारवान किंवा मुधोळ या सडपातळ शिकारी कुत्र्याच्या स्वभावाविषयीही अशीच ठाम मते ऐकू येतात; पण १८,००० हून अधिक कुत्र्यांच्या मालकांनी भरलेल्या प्रश्नावल्या आणि जनुकीय नमुने तपासणाऱ्या २०२२ सालच्या अमेरिकन अभ्यासानुसार एकेका कुत्र्याच्या वागणुकीतल्या फरकांपैकी सरासरी नऊ टक्केच फरकांचा उलगडा जातीवरून होतो. कान, केस आणि उंची यांबाबत जात भरवशाची असते, स्वभावाबाबत नाही.

वकील : आता सातचा पाढा. कुत्र्याचे वय सातने गुणायचे, हे गणित कोणी बसवले?

डॉक्टर : कोणी बसवले असो, ते चुकीचे आहे. एक वर्षाची कुत्री पिल्ले घालू शकते. सात वर्षांची मुलगी आई होत नाही. २०२० साली सॅन दिएगो येथील संशोधकांनी १०४ लॅब्राडोर कुत्र्यांच्या डीएनएवरील मिथायलेशन तपासले. मिथायलेशन म्हणजे डीएनएला ठिकठिकाणी चिकटणाऱ्या, वयानुसार ठरावीक रीतीने बदलत जाणाऱ्या रासायनिक खुणा. या खुणांची माणसांतील खुणांशी तुलना करून त्यांनी सूत्र दिले: कुत्र्याच्या वयाचा नैसर्गिक लघुगणक घ्यावा, त्याला १६ ने गुणावे आणि ३१ मिळवावे. त्यानुसार एक वर्षाचा कुत्रा एकतीस वर्षांच्या माणसासारखा ठरतो आणि चार वर्षांचा त्रेपन्न वर्षांच्या. म्हणजे कुत्रा झपाट्याने मोठा होतो आणि मग संथपणे म्हातारा होतो.

वकील : त्याच सूत्रात पाच आठवड्यांचे पिल्लू घातले तर त्याचे मानवी वय शून्याच्या खाली साडेसहा वर्षे निघते. म्हणजे पिल्लू दूध पीत आहे आणि त्याला जन्माला यायला अजून साडेसहा वर्षे आहेत.

डॉक्टर : सूत्राच्या कडा अशाच असतात. मधला भाग पाहावा.

वकील : वयाच्या बाबतीत कडाच महत्त्वाच्या ठरतात, कारण विक्रम कडेला होतात. पोर्तुगालमधील बॉबी नावाच्या कुत्र्याला गिनीजने २०२३ च्या फेब्रुवारीत जगातला आजवरचा सर्वांत वयोवृद्ध कुत्रा म्हणून जाहीर केले, एकतीस वर्षांचा म्हणून तो त्याच वर्षी वारला, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत गिनीजने पुराव्याअभावी किताब काढून घेतला. सरकारी नोंदवहीत त्याची जन्मतारीख होती खरी, पण २००८ पूर्वी जन्मलेल्या कुत्र्यांच्या बाबतीत ती मालकाने सांगितली म्हणून लिहिली जात असे. जबानीवर लिहिलेली नोंद ही नोंद नसून जबानीच असते.

डॉक्टर : मग सर्वांत वयोवृद्ध कुत्रा दुसराच आहे, आणि त्याला कोणाच्या जबानीची गरज नाही. भटक्या कुत्र्यांत संभोगातून पसरणारा एक कर्करोग आढळतो. जननेंद्रियांवर फुलकोबीसारखी, रक्त गळणारी गाठ येते, आणि आपल्याकडच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत ती नित्य पाहायला मिळते. एरवी कर्करोग म्हणजे रोग्याच्या स्वतःच्याच पेशींचे बंड असते. इथे तसे नाही. इथे विषाणू पसरत नाही, जिवाणू पसरत नाही. गाठीच्या जिवंत पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जातात आणि तिथे रुजतात. म्हणून गाठीतला डीएनए तपासला तर तो ज्या कुत्र्याच्या अंगावर ती आहे त्याच्याशी जुळत नाही, जुळतो तो इतर देशांतल्या इतर कुत्र्यांच्या गाठींशी. २०१९ साली ४३ देशांतल्या ५४६ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा की त्या साऱ्या एकाच कुत्र्याच्या पेशींची संतती असून तो कुत्रा चार हजार ते साडेआठ हजार वर्षांपूर्वी आशियात होऊन गेला. त्याचा देह मातीला मिळाला, पण त्याच्या शरीरातल्या पेशींचा एक वंश तेव्हापासून आजपर्यंत खंड न पडता विभागत आला आहे.

वकिलांच्या निरुत्तर होण्याचा दुसरा प्रसंग तो हा, मात्र तो फार वेळ टिकला नाही.

वकील : ज्याच्या जन्माचा दाखला नाही, मालक नाही, आणि वयाच्या दोन अंदाजांत साडेचार हजार वर्षांचे अंतर आहे, अशा अशिलाचे प्रकरण बॉबीपेक्षाही कच्चे आहे. शिवाय पाय, शेपटी आणि भुंकणे नसलेल्या पेशींच्या पुंजक्याला कुत्रा म्हणायचे का, हा प्राथमिक आक्षेप आहेच.

डॉक्टर : वंशवृक्षावर त्या पेशींची जागा कुत्र्यांच्याच फांदीवर पडते, दुसरीकडे कुठे नाही. आणि आपला मूळ आक्षेप इथे लागू होत नाही, वकीलसाहेब. या साक्षीदाराच्या मागे कोणी हस्तक उभा नाही, त्याने कोणाची भुवई पाहून उत्तर दिलेले नाही, आणि उलटतपासणी हवी तेव्हा, हव्या त्या देशात, काचपट्टीवर घेता येते.

वकील : त्याला मरण आहे की नाही?

डॉक्टर : आहे, आणि बऱ्यापैकी सोपे आहे. व्हिन्क्रिस्टिन नावाचे औषध आठवड्यातून एकदा शिरेतून दिले की बहुतेक कुत्र्यांत चार ते सहा इंजेक्शनांत गाठ विरघळून जाते. हे औषध अंगणातल्या सदाफुलीपासून काढतात. ब्रिटनमध्ये मोकाट कुत्र्यांचा प्रश्न मिटला तसा हा रोगही तिथून गेला, आता आढळतो तो बहुधा परदेशांतून आणलेल्या कुत्र्यांत. इकडे महापालिका निर्बीजीकरणाच्या मोहिमा चालवतात त्या कुत्र्यांची संख्या आणि रेबीज आटोक्यात ठेवण्यासाठी. पण ज्या वस्तीत त्या नीट चालतात तिथे संभोग घटतो, आणि त्यासोबत या गाठीही.